देव उजवीकडून चालतो

३ फेब्रुवारी

थांबाथांबांनी शेवटी हो म्हटलं! आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना सगळं गाव याच नावाने ओळखतं. काहीही लिहिलेलं हातात दिलं की "थांबा, थांबा" म्हणत आधी उठून खिडकी लावतात. पण कादंबरी छापायला घेतली. दर शनिवारी एक प्रकरण, टोपणनावाने. घरात सोडून कुणाला सांगायचं नाही.

गोष्ट अशी. एका गावाच्या प्रमुखाला पुन्हा निवडून यायची खात्री वाटत नाही. एका सकाळी तो जाहीर करतो, "देव माझ्या उजव्या हाताला चालतो." तेव्हापासून एक माणूस त्याच्या उजवीकडे उघडी छत्री धरून चालतो आणि छत्रीखाली कुणीच नसतं. पाणी का येत नाही, असं कुणी विचारलं की प्रमुख त्या रिकाम्या जागेकडे वळतो, मान हलवतो आणि सांगतो, "देव म्हणतोय, नंतर बघू."

आमच्या नगरप्रमुखांशी साम्य? छे हो. ते बिचारे नुसते भाषणाआधी डोळे मिटतात आणि उघडल्यावर "वरून आदेश आलाय" म्हणतात. छत्री अजून त्यांना सुचलेली नाही.

९ फेब्रुवारी

काल पहिलं प्रकरण आलं. दुकानात एक गिऱ्हाईक डोळे तपासता तपासता इतकं हसलं की मला नंबरच काढता येईना. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढली, पण डोळ्यांत असं पाणी पहिल्यांदा पाहिलं. मी आपली गंभीर चेहऱ्याने "उजवा झाका, डावा उघडा" म्हणत होते. आतून उकळ्या फुटत होत्या.

घरी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. एकदाही हसल्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास प्रार्थनेला बसणारी बाई, हसणार कुठून?

"देवाला छत्री कशाला?" म्हणाल्या. "ऊन त्यानेच केलंय ना?"

"आई, हे व्यंग्य आहे."

"असेल बाई. पण तुझ्या त्या प्रमुखाला कुणी विचारत कसं नाही, देवाला बाकी कामं नाहीत का म्हणून?"

समजावण्यात अर्थ नव्हता. विनोद सगळ्यांना झेपतो असं नाही.

१२ फेब्रुवारी

दुसऱ्या प्रकरणाला झकास सुरुवात सुचली. एक इस्त्रीवाली भर रस्त्यात प्रमुखाला विचारते, "देवाला बाकी कामं नाहीत का?" मला हे असलं कुठून सुचतं कोण जाणे! इस्त्रीवालीला पुढे वाढवायला हवं. भारी तोंडाळ निघणार आहे ती.

२ मार्च

काल चौथं प्रकरण आलं. त्यात प्रमुख हुकूम काढतो की बाजाररस्त्याची उजवी बाजू रिकामी करा, देवाला चालायला जागा नको का? हे लिहिताना मी एकटीच स्वयंपाकघरात हसत होते. ह्यांनी दारातून डोकावून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, अर्धा बाजार पाडला."

हे पालिकेत मोजणीखात्यात आहेत. मला वाटलं होतं, जरा तरी हसतील. ते म्हणाले, "बाजाररस्ता मोजायला कटकटीचा आहे," आणि बूट काढायला बसले. असा नवरा.

११ मार्च

आज नगरप्रमुख नव्या पुलाच्या उद्घाटनाला आले आणि त्यांच्या उजव्या हाताला एक माणूस छत्री धरून चालत होता. उघडी, पिवळी, झालर लावलेली. खाली कुणी नाही.

मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. आधी फस्सकन हसू आलं. मग आजूबाजूला पाहिलं तर लोकांनी हात जोडलेले. कालपरवापर्यंत प्रकरणं वाचून हसणारं ते गिऱ्हाईकसुद्धा! मी त्याला हळूच म्हटलं, "अहो, हे तर त्या कादंबरीतलं."

"तेच तर!" तो म्हणाला. "कुणाला तरी आधीच दिसलं होतं. आता खरं झालं बघा."

मी घाबरले. खरं सांगायचं तर त्या भीतीच्या बाजूला थोडा आनंदही होता, की माझी छत्री चालली. तो आनंद संध्याकाळपर्यंत कडू झाला.

सासूबाईंना सांगितलं. त्या कधी नव्हे त्या प्रार्थना अर्धी टाकून उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बहुतेक छत्री बघायला मिळाली नाही म्हणून हिरमुसल्या असाव्यात.

१८ मार्च

चिटणीस दुकानात आला. नगरप्रमुखांचा चिटणीस, गोड बोलून गळा कापणारा. डोळे तपासायचेत म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर चाचणीची चौकट चढवली, भिंग टाकलं.

"खालची ओळ वाचा."

त्याने घडाघडा वाचली. सहा अक्षरं, सहाही चूक. इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं वाचणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

"बाई," चौकट तशीच नाकावर ठेवून तो म्हणाला, "लेखिका तुम्हीच, हे कळलंय आम्हाला. घाबरू नका. साहेब फार प्रसन्न आहेत. तुम्हाला दृष्टांत झाला, दुसरं काय?"

"मला सुचलं ते. दृष्टांत नाही."

"नम्रता! तीही शोभते तुम्हाला." मग त्याने मागणी सांगितली. शेवटच्या प्रकरणात देवाने प्रमुखाच्या डोक्यावर हात ठेवावा आणि म्हणावं, याच्यानंतर याचा मुलगा. मग पालिका पुस्तक काढणार, प्रत्येक शाळेत, प्रत्येक प्रार्थनाघरात एक प्रत, माझ्या खऱ्या नावाने. एकवीस एप्रिलला देवाची पहिली फेरी निघणार आहे, त्याआधी प्रकरण छापून आलेलं हवं.

"आणि नाही लिहिलं तर?"

"देवाच्या मनात असेल ते होईल," तो म्हणाला आणि आपल्या उजवीकडे बघून हसला. याच्याही उजवीकडे कुणीतरी उभं राहायला लागलं वाटतं.

चष्मा लागणार आहे त्याला. चांगला जाड.

२३ मार्च

झालं. बाजाररस्त्याच्या उजव्या बाजूला नोटिसा लागल्या. देवाला चालायला जागा हवी म्हणून दुकानं, घरं, सगळं पाडणार. चौथं प्रकरण, माझंच, शब्दन् शब्द.

उजव्या बाजूला तिसरं दुकान नणंदेचं. ह्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर एका शिवणयंत्रावर तिने ते उभं केलं. खाली दुकान, माळ्यावर घर.

ती आली ती चप्पल न काढता थेट आत. "वहिनी, तू लिहिलंयस ना हे? दादाने सांगितलं मला."

"ताई, मी थट्टा केली होती."

"हो ना. थट्टा तू केलीस आणि मस्करीची कुस्करी माझी झाली." मग एकदम खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली, रडू येणारं हसू. "मला एक सांग, जाताना जी उजवी बाजू, ती येताना डावी होते. मग देव परत येणार कुठून? का दोन्ही बाजू पाडणार?"

ह्यांनी खालमानेने सांगितलं की हा प्रश्न खात्यात निघाला होता. उत्तर असं आलं की परतताना देव उलटा चालतो.

आणि मोजणीचं काम ह्यांच्याकडेच आलंय! कुठल्या भिंतीवर लाल फुली मारायची ते हे ठरवणार. मी म्हटलं, "अहो, सख्ख्या बहिणीच्या भिंतीवर?" तर म्हणाले, "नोकरी आहे. मोजावं लागणार." इतका लेचापेचा माणूस! मी जेवलेच नाही.

३० मार्च

काल साप्ताहिकात खुलासा छापून आणला. साध्या भाषेत लिहिलं, की ही कादंबरी थट्टा आहे, मला कुणी दिसलेलं नाही, छत्रीखाली कुणी नाही.

आज दुकानात दोन बायका माझ्या पाया पडायला वाकल्या. चिटणीसाने गावभर करून ठेवलंय ना माझं नाव! एक दुसरीला सांगत होती, "खरे द्रष्टे असंच नाकारतात बघ."

आता बोला. हो म्हटलं तरी देव आणि नाही म्हटलं तरी देव. पुढचं प्रकरण लिहूच नये असं वाटतंय. पण लिहायचं थांबवलं तर शेवट चिटणीस लिहील.

३ एप्रिल

ह्यांच्या वेंधळेपणाची कमाल आहे. मोजणीला सुरुवात केली आणि टेप हरवली. नवी मिळाली, तीही हरवली. आता म्हणे आकडे जुळेनात, पुन्हा पहिल्या दुकानापासून मोजणार. गेली वीस वर्षं पेन्सिलसुद्धा न हरवणारा माणूस! साहेबांनी खात्यात सगळ्यांसमोर झापलं त्यांना. मला लाज वाटली. मुकाट्याने मोजायचं तरी, नाहीतर बाणेदारपणे नाही म्हणायचं तरी. हे म्हणजे धड ना इकडे, धड ना तिकडे.

७ एप्रिल

चिटणीसाचा निरोप: प्रकरण छापण्याआधी त्याला दाखवायचं. नणंदेने शिवायला आलेले कपडे गिऱ्हाइकांना परत द्यायला सुरुवात केलीय. माझ्याशी बोलत नाही. समोरून गेली तर मान वळवते, डावीकडे.

मी भ्याले आहे. हे इथे लिहून ठेवते. प्रकरण त्याला हवं तसं लिहिलं तर पुस्तक निघेल, दुकानाचा मालक मला काढणार नाही, ह्यांना कुणी झापणार नाही. काल तसं अर्धं पान लिहूनही बघितलं. देवाचा हात प्रमुखाच्या डोक्यापर्यंत नेला. वाचलं. फाडून टाकलं. ते मी लिहिणार नाही, मग काहीही होवो.

पण मग लिहायचं काय? देव नाहीच असं लिहिलं तर लोक मलाच पाखंडी ठरवतील आणि छत्री आणखी उंच होईल.

१० एप्रिल

आज सासूबाईंचं डोकंच फिरलं. मी भाजी चिरत होते, चिटणीसाचा विचार करत होते, तेवढ्यात रस्त्यावरून ती पिवळी छत्री गेली. सासूबाईंनी खिडकी धाडकन लावली.

"देव म्हणजे काय यांच्या घरचा गडी आहे?" त्या कडाडल्या. "म्हणे उजवीकडे उभा राहा, म्हणे मान हलव! मी साठ वर्षं त्याच्यापुढे बसतेय, मला कधी उलट उत्तर आलं नाही, आणि यांना रोज येतं? अगं, असलाच तिथे, तर कंटाळून कधीच निघून गेला असेल तो. जिथे कुणाला गरज असेल तिथे उभा असेल. दवाखान्याच्या रांगेत, नाहीतर माझ्या त्या पोरीच्या दुकानासमोर."

"आई, जरा हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! त्यांना कान त्यासाठीच दिलेत."

मी म्हटलं ना, डोकंच फिरलं होतं. गोळ्यांचा परिणाम असेल. मी त्यांना पाणी दिलं आणि भाजीकडे वळले.

११ एप्रिल

सुचलं! पहाटे जाग आली तीच शेवट घेऊन.

देव नाही असं म्हणायचंच नाही. देव निघून जातो! छत्रीखालून बाहेर पडतो. प्रमुख चालतोय, छत्री चाललीय, लोक वाकताहेत, आणि देव केव्हाच वळून दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलाय. तिथून पाडायच्या घरांसमोर. इस्त्रीवाली आपल्या बाजूला छत्री उघडते आणि म्हणते, "आता इथे आहे. याच्याशी बोला." आणि प्रमुखाला ते खोटं ठरवता येत नाही. इथे कुणी नाही म्हणावं, तर तिथे तरी कोण होतं?

मी पुस्तकाने देव दिलाय ना यांना? पुस्तकानेच परत घेईन. दिवसभर दुकानात हात कामात होते आणि डोक्यात वाक्यं. एका आजोबांना मी चुकून वाचायच्या नंबराऐवजी लांबचा नंबर दिला. ते म्हणाले, "बाई, आता पलीकडचा पूल छान दिसतोय, पण पेपर दिसत नाही." बदलून दिला.

१५ एप्रिल

प्रकरण घेऊन थांबाथांबांकडे गेले. "चिटणीसाला दाखवायचं नाही," मी म्हटलं. ते सवयीने उठून खिडकीकडे गेले. उभ्याउभ्याच वाचलं. मी "थांबा, थांबा"ची वाट बघत होते.

हात पुढे करून त्यांनी खिडकी उघडली, पूर्ण, दोन्ही दारं. बाहेरून रस्त्याचा आवाज आत आला.

"शनिवारी येईल," ते म्हणाले. "आणि मी 'थांबा' म्हणालो तर ऐकू नका."

१९ एप्रिल

आलं. चिटणीसाचा माणूस साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन उरलेले अंक उचलून घेऊन गेला. उशीर झाला होता, गावात पोचायचे ते पोचले होते. मालकाने मला सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. बरं म्हटलं. कुठेतरी जायचंच होतं सोमवारी.

२० एप्रिल

दुपारी सरकारी दवाखान्यासमोरून गेले. रांगेत एका बाईने कडेवर लेकरू घेतलं होतं आणि दुसऱ्या हातात छत्री, शेजारच्या रिकाम्या जागेवर धरलेली. शिपाई म्हणाला, "काय हे?" ती म्हणाली, "इथे आलाय. तो म्हणतोय, डॉक्टरांना लवकर बोलवा." शिपाई आत पळाला!

मी भिंतीला टेकून उभी राहिले. रडू आलं. आनंदाचं की भीतीचं, कळलं नाही.

२१ एप्रिल

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी बाजाररस्त्यावर पाडकामाची यंत्रं आली. मागून नगरप्रमुखांची फेरी, पिवळी छत्री, चिटणीस नवीन जाड चष्म्यात. उजव्या बाजूला प्रत्येक दारासमोर एकेक माणूस, हातात एकेक छत्री, शेजारच्या मोकळ्या जागेवर. काळ्या, फुलाफुलांच्या, काड्या मोडलेल्या. नणंदेच्या दारात ती स्वतः. हातातली छत्री तिने रात्रीतून शिवली होती, पिवळी, झालर लावलेली, साहेबांच्याहून सरस. मला बघून ती म्हणाली, "वहिनी, नुसती बघतेस काय? धर ती दुसरी."

ओळीच्या टोकाला सासूबाई! एकट्या, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, आणि छत्री स्वतःच्याच डोक्यावर.

"आई, बाजूला धरा ना," मी कुजबुजले.

"देवाचं नाव घेऊन खोटं मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासाठी नाही आणि तुझ्यासाठीही नाही. माझ्या छत्रीखाली मी आहे. ऊन लागतंय. आणि मी इथून हलणार नाही."

यंत्र चालवणाऱ्याने यंत्र बंद केलं. चिटणीसाने ह्यांना पुढे ओढलं. "मोजणी कुठे आहे? कुठून पाडायचं ते दाखवा!"

हे घसा खाकरून म्हणाले, "मोजणी अपुरी आहे साहेब. शिवाय जागेवर अतिक्रमण दिसतंय. देवाचं." एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून चारचौघांत कधी ऐकलं नव्हतं.

मग नणंद पुढे झाली आणि सरळ नगरप्रमुखांना म्हणाली, "साहेब, तुम्हीच विचारा त्याला. तुमच्या उजवीकडे आहे की माझ्या दारात? इथे नाही म्हणत असाल, तर कसं ओळखलंत तेही सांगा."

नगरप्रमुखांनी आमच्या छत्र्यांकडे पाहिलं. मग सवयीने उजवीकडे वळले. मान हलवली. कपाळावरचा घाम पुसला.

"देव म्हणतोय," ते म्हणाले, "नंतर बघू."

पहिल्या प्रकरणातलं माझं वाक्य! मग कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं. पिवळी छत्री धरणाराच हसत होता, ओठ दाबून, आणि छत्री गदागदा हलत होती. मग यंत्रवाला हसला, मग नणंद, मग रस्ताभर हसू पसरलं. पुलाच्या उद्घाटनाला हात जोडणारं माझं ते गिऱ्हाईक पोट धरून खाली बसलं. नगरप्रमुख गाडीत बसले. छत्री दारात अडकली, ती बाहेरच राहिली.

२४ एप्रिल

पाडकाम "पुढील आदेशापर्यंत" थांबलंय. पुढचा आदेश कधीही येईल, मी काही खुळी नाही. दुकानाने मला काढलंय. काही दारांसमोर लोक रिकाम्या छत्रीखाली अजून फुलं ठेवतात. त्याचाही समाचार घ्यावा लागणार. थट्टा एकदा करून भागत नाही, घर झाडण्यासारखं ते रोजचं काम आहे.

आज ह्यांच्या कपाटात मोजे ठेवताना खालच्या कप्प्यात हरवलेल्या टेपा सापडल्या. सगळ्या, नीट गुंडाळून, एकाशेजारी एक. मग होत्या तशा ठेवल्या, वर मोजे ठेवले. हे आल्यावर चहा नेऊन दिला आणि शेजारी बसले. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

नवी कादंबरी सुरू केली आहे. पहिल्या पानावर माझं खरं नाव घातलंय. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं, समाधानाने मान हलवली.

"आता घाबरायचं नाही," म्हणाल्या. "आणि त्या इस्त्रीवालीला याही खेपेला घे. तिचं बोलून झालेलं नाही अजून."

त्यांना ती एवढी का आवडते, कोण जाणे. पण घेते.